बॉल कुठून आला?

रविवारची सकाळ, आझाद मैदान. एका मैदानात इतके सामने चाललेले असतात की एका सामन्यातला डीप स्क्वेअर लेग दुसऱ्या सामन्यातल्या मिडऑफच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. तुमच्या संघातला चौदा वर्षांचा मुलगा असाच उभा आहे. बाजूच्या पिचवर कुणीतरी पूल मारतो. तिकडून चारपाच जण एकदम ओरडतात, "ए, बॉल, बॉल!" मुलगा मान वळवतो आणि सीझन बॉल त्याच्या उजव्या कानाच्या दोन बोटं वर आदळतो.

तुम्ही धावत पोचता तोवर तो उठून बसलेला आहे. कुणीतरी त्याच्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओततंय, कुणीतरी बर्फ आणायला पळालंय. टेंगूळ वर यायला लागलंय. रक्त नाही.

"बॉल कुठून आला, काका?" तो विचारतो. तुम्ही बाजूच्या पिचकडे बोट दाखवता. तो मान डोलावतो, उभा राहतो, पँटीवरची माती झटकतो.

"ठीक आहे मी. खेळू ना?"

अंपायर घड्याळ बघतोय. सहा ओव्हर राहिल्यात आणि त्यातल्या दोन या मुलाने टाकायच्या आहेत. तुम्ही डॉक्टर नाही. मुलांबरोबर कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणून पाण्याचा जार आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळायला आला आहात. मुलगा हसतोय, उभा आहे, नीट बोलतोय. "हो, जा" हे दोन शब्द तुमच्या ओठांवर आलेले आहेत.

ते तिथेच धरून ठेवा. खिशात स्कोअरबुकातून फाडलेला एक कोरा कागद आहे, पेन आहे, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे. एवढंच सामान घेऊन माझ्याबरोबर चला. अट एकच. जिथे जाल तिथे तुम्हाला कुणाला हात लावता येणार नाही, कुणाला सावध करता येणार नाही. बघायचं आणि लिहून घ्यायचं.

१७ मार्च १९६२, ब्रिजटाउन

अटलांटिकवरून येणारा खारट वारा आधी जाणवतो, मग ऊन. हे केन्सिंग्टन ओव्हल. बार्बाडोस अजून ब्रिटिशांच्या ताब्यात आहे, स्वातंत्र्याला साडेचार वर्षं अवकाश आहे. भारताचा संघ पहिल्या दोन कसोटी हरून या बेटावर आलाय आणि तिसऱ्या कसोटीआधी बार्बाडोसशी सामना खेळतोय. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई बाद होऊन परतले आहेत. नॉन-स्ट्रायकरला रुसी सुरती आहेत. समोर कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर, डावखुरे, दहा दिवसांपूर्वी वयाची अठ्ठावीस वर्षं पूर्ण केलेले.

त्यांच्याकडे नीट बघा. पायांना पॅड आहेत, हातांत ग्लोव्हज आहेत, डोक्याला संरक्षण नाही. हेल्मेट नावाची वस्तू अजून क्रिकेटमध्ये आलेलीच नाही. डावखुरा फलंदाज उभा राहिला की त्याची उजवी बाजू गोलंदाजाकडे येते, म्हणजे उजवा खांदा, उजवं कानशील, उजवा कान.

हा माणूस लागण्याला भिणारा नाही. १९५९ मध्ये लॉर्ड्सवर ब्रायन स्टॅथमच्या चेंडूने त्यांच्या बरगड्या मोडल्या, आणि त्या मोडक्या बरगड्या घेऊन त्यांनी ८१ धावा काढल्या. ही गोष्ट कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे लागेल.

चार्ली ग्रिफिथ धावत येतात. त्यांच्यापासून जपून राहा, असं वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी भारतीय खेळाडूंना आधीच सांगितलेलं आहे. गोलंदाजाच्या हातामागे साइटस्क्रीन नाही, पॅव्हेलियन आहे. चेंडू सुटण्याच्या क्षणी तिथली एक खिडकी कुणीतरी उघडतं आणि नजर तिकडे जाते. कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे आयुष्यभर हेच सांगितलं आहे. नजर परत येईपर्यंत चेंडू आलेला असतो.

उजव्या कानाच्या जरा वर.

हा आवाज तुम्ही ओळखता. थोड्या वेळापूर्वी आझाद मैदानावर हाच ऐकला होता.

कॉन्ट्रॅक्टर खाली बसतात. नाकातून आणि कानातून रक्त येतंय. संघाचे व्यवस्थापक गुलाम अहमद मैदानात येतात आणि त्यांना आधार देऊन पॅव्हेलियनकडे नेतात. कर्णधार मैदानातून बाहेर जातो, खेळ पुढे चालू होतो.

कागदावर पहिली ओळ लिहा. किती वाजता लागलं, कुठे लागलं, काय दिसलं. कानातून येणाऱ्या रक्ताखाली रेघ मारा. टाळू फुटली की रक्त बाहेरून वाहतं आणि ते भीतिदायक दिसतं, पण बहुतेक वेळा दाबून धरलं की थांबतं. कानाच्या किंवा नाकाच्या आतून येणारं रक्त, किंवा पाण्यासारखा पातळ द्रव, याचा अर्थ वेगळा असू शकतो. कवटीच्या तळाला तडा गेल्याची ती खूण असू शकते.

आणि जागा बघा. कवटी सगळीकडे सारखी जाड नसते. कपाळ जाड, मागचा भाग जाड, पण कानशिलापासून कानाच्या वरपर्यंतचं हाड पातळ, काही मिलिमीटरांचं. त्या पातळ हाडाच्या आतल्या बाजूला एक खाच असते आणि खाचेतून मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी जाते. तिथे हाड तडकलं तर धमनीही फाटू शकते. मग रक्त बाहेर येत नाही. हाड आणि आवरण यांच्या मध्ये साठत जातं, कुणालाही न दिसता.

पॅव्हेलियनच्या दारात

तुम्हाला त्यांच्या मनगटाला हात लावता येत नाही. म्हणून स्वतःचं मनगट घ्या. अंगठ्याच्या मुळाखाली, हाडाच्या आतल्या कडेला एक खोलगट जागा लागेल. तिथे पहिली दोन बोटं टेकवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची धडधड बोटाला कळते आणि मोजणी चुकते. घड्याळाचा काटा बघत तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ठोके मागेपुढे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजा.

स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००. रोज व्यायाम करणाऱ्याची त्याहून कमी असू शकते. नुकता पळून आलेल्या खेळाडूची १५० असली तरी घाबरण्याचं कारण नाही. बसवल्यावर काही मिनिटांत ती खाली यायला हवी. म्हणून एकदा मोजलेली नाडी फारसं काही सांगत नाही. पाच मिनिटांनी परत मोजलेली सांगते, पंधरा मिनिटांनी मोजलेली त्याहून जास्त सांगते.

आता श्वास. मनगटावरची बोटं काढू नका. समोरच्याला वाटू द्या की अजून नाडीच बघताय, आणि तुम्ही छातीकडे बघा. श्वास मोजतोय असं कळलं की माणूस नकळत श्वासाची लय बदलतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास. संख्येइतकीच लय महत्त्वाची, म्हणजे सारख्या अंतराने येतात की मध्येच खोल, मध्येच थांबून.

मग डोळे. दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का? डोळ्यावर हाताची सावली धरा, हात काढा. उजेड पडताच बाहुली लहान व्हायला हवी. काही माणसांच्या बाहुल्यांत जन्मापासून थोडा फरक असतो. पण डोक्याला मार लागल्यावर गुंगीत जाणाऱ्या माणसाची एक बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद देईनाशी झाली, तर तिथे एक मिनिटही घालवायचा नाही.

आणि जाग. याच्या चार पायऱ्या पाठ करा. तो आपणहून जागा आहे, की हाक मारल्यावर जागा होतो, की चिमटा काढल्यावरच हलतो, की काहीच करत नाही? रक्तदाबाचं यंत्र मैदानावर नसतं, थर्मामीटर नसतो. पण नाडी, श्वास, बाहुल्या आणि जाग यांच्यासाठी दोन बोटं, एक घड्याळ आणि दोन डोळे पुरतात.

कागदावर चार रकाने आखा. डावीकडे पाचवा, वेळेचा.

त्याच दिवशी, रुग्णालयात

कॉन्ट्रॅक्टर यांना रुग्णालयात हलवलेलं आहे. क्ष-किरणाच्या चित्रात कवटीला गेलेला तडा दिसतो. या चित्रात हाड दिसतं, आतलं रक्त दिसत नाही. मेंदूच्या आतलं दाखवणारं सीटी स्कॅन पहिल्यांदा रुग्णावर झालं ते लंडनच्या विम्बल्डनमध्ये, १ ऑक्टोबर १९७१ रोजी. त्याला साडेनऊ वर्षं आहेत. इथल्या डॉक्टरांना कवटीच्या आत काय चाललंय ते बाहेरच्या खुणांवरून ओळखायचं आहे. तुमच्या कागदावर आहेत त्याच खुणांवरून.

कवटीच्या आत काय होतं ते समजून घ्या, कारण आझाद मैदानावरचा प्रश्न त्याच्यावरच अडलेला आहे.

कवटी म्हणजे बंद डबा. त्यात तीनच गोष्टी असतात. मेंदू, रक्त, आणि मेंदूभोवतीचं पाणी. डबा फुगत नाही. बाहेर सांडलेलं रक्त चौथं म्हणून आत शिरलं की कुणाला तरी जागा करून द्यावी लागते. आधी पाणी सरकतं, खाली पाठीच्या कण्याकडे जातं. मग शिरांमधलं रक्त पिळून बाहेर पडतं. या काळात आतला दाब फारसा वाढत नाही, आणि माणूस बोलतो, चालतो, "मी ठीक आहे" म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच ठीक वाटत असतं. अशी उसनी शुद्ध काही मिनिटं टिकते, कधी काही तास.

मग सरकवायला काही उरत नाही. त्यानंतर थोडंसं रक्त वाढलं तरी दाब एकदम चढतो. डोकं फुटेलसं दुखतं, उलटी होते, माणूस चिडचिड करतो, झोपाळतो. दाबलेल्या मेंदूला रक्त पोचवायला शरीर रक्तदाब वाढवतं. रक्तदाब वाढला की नाडी मंदावते. श्वासाची लय बिघडते. वाढता रक्तदाब, मंदावती नाडी, बिघडता श्वास या तीन खुणा एकत्र बांधून दाखवल्या त्या अमेरिकेच्या हार्वे कुशिंग यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

इथे पुष्कळ जण फसतात. मघाशी १०० असलेली नाडी ६० वर आली की सोबतच्या माणसाला हायसं वाटतं. "बघा, शांत झाला." डोक्याला मार लागून झोपाळू होत चाललेल्या माणसाची नाडी उतरत असेल तर ते शांत होणं नसतं. कागदावर फक्त ६० हा आकडा असेल तर त्यात काही वावगं दिसणार नाही. १००, ८४, ७०, ६० असा उतार असेल आणि शेजारच्या रकान्यात "जागा, जागा, हाक मारल्यावर, चिमट्यावर" असं असेल, तर अडाणी माणसालाही कळेल.

कॉन्ट्रॅक्टर यांची प्रकृती खालावते. आत साकळलेलं रक्त काढून दाब उतरवायला हवा आणि बेटावर मेंदूचा शल्यविशारद नाही. तो त्रिनिदादहून यायचा आहे. तोपर्यंत थांबणं परवडणारं नाही म्हणून स्थानिक सर्जन कवटी उघडतात. पुढची शस्त्रक्रिया त्रिनिदादचे डॉक्टर आल्यावर होते.

रक्त हवं आहे. इथे तुम्ही फक्त बघू शकता, पण बघण्यासारखं खूप आहे. बाही वर करणाऱ्यांत फ्रँक वॉरेल आहेत, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार. पुण्याचे चंदू बोर्डे आहेत, नाशिकचे बापू नाडकर्णी आहेत, पॉली उम्रीगर आहेत, दौऱ्याच्या बातम्या पाठवायला आलेले पत्रकार के. एन. प्रभू आहेत. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून दर ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नावाने रक्तदान शिबिर भरवते, त्याचं मूळ या खोलीत आहे.

सहा दिवस कॉन्ट्रॅक्टर शुद्धीवर नसतात. २३ मार्चला याच गावात तिसरी कसोटी सुरू होते आणि २१ वर्षं ७७ दिवसांचे मन्सूर अली खान पतौडी भारताचे कर्णधार म्हणून नाणेफेकीला जातात. कॉन्ट्रॅक्टर वाचतात. वेल्लोरला डॉ. जेकब चँडी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवतात. ते पुन्हा प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळतात, पण कसोटी पुन्हा मिळत नाही. ती पट्टी साठ वर्षं डोक्यात राहते. २०२२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, मुंबईत ती काढण्यात येते.

निघण्याआधी कागदाचा कोपरा वाचा. लॉर्ड्स, मोडक्या बरगड्या, ८१. आपल्याकडे मूल धडपडलं की आई म्हणते, "पडे झडे, माल वाढे," आणि गुडघ्याच्या बाबतीत ती बरोबर असते. बरगडीचं दुखणं सोसता येतं, कारण सोसणारा मेंदू शाबूत असतो. मार मेंदूलाच लागला तर सोसायचं किती आणि थांबायचं कधी, हे ठरवणारा जागेवर नसतो. म्हणून डोक्याला लागलेल्या खेळाडूला "खेळशील का?" असं विचारायचं नसतं.

ग्लासगो, १९७४

इथे फार वेळ थांबायचं नाही. ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट हे दोन डॉक्टर एका साध्या अडचणीवर काम करताहेत. एक डॉक्टर लिहितो "गुंगीत", दुसरा लिहितो "झोपाळलेला", तिसरा लिहितो "अर्धवट शुद्धीत". रात्रपाळीची परिचारिका सकाळच्या परिचारिकेला सांगते, "तसाच आहे." तसाच म्हणजे कसा?

त्यांचा उपाय तीन प्रश्नांचा. डोळे कधी उघडतो, याला आजच्या रूपात जास्तीत जास्त ४. काय बोलतो, याला ५. हातपाय कसे हलवतो, याला ६. पूर्ण शुद्धीत असलेला माणूस १५, आणि काहीच प्रतिसाद न देणारा ३. त्याहून खाली आकडा नाही. पन्नास वर्षांनंतरही जगभरातल्या अपघात विभागांत "जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल) किती?" हा प्रश्न पहिल्या काही वाक्यांत येतो तो इथून. तुमचे चार रकाने त्याचंच लहान भावंड आहेत.

१७ मार्च १९७८, पुन्हा ब्रिजटाउन

तारीख तीच, मैदान तेच, मध्ये सोळा वर्षं गेलेली. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यालप कसोटी सामन्यात हेल्मेट घालून फलंदाजीला उतरतात. हे पहिल्यांदाच घडतंय. मोटारसायकलवाल्याच्या शिरस्त्राणासारखं दिसणारं ते प्रकरण बघून प्रेक्षक हुर्यो करतात. तुम्ही मात्र सोळा वर्षांपूर्वी याच खेळपट्टीवर काय झालं ते बघून आला आहात. तुमच्याने हुर्यो होत नाही.

कागदावर हेही लिहा. हेल्मेट कवटीला वाचवतं, तडा जाण्याचा धोका खूप कमी करतं. पण मेंदू कवटीच्या आत पाण्यात तरंगत असतो. डोकं झटक्याने फिरलं की तो आत हादरतो, आणि तो हादरा कुठलंही हेल्मेट पुरता थांबवू शकत नाही. त्या हादऱ्याला कन्कशन म्हणतात. त्यात बहुतेक वेळा शुद्ध जात नाही. सीटी स्कॅन स्वच्छ येतं. तरीही डोकं जड होतं, उजेड सोसत नाही, लक्ष लागत नाही, आठवण सुटते. हेल्मेट होतं म्हणून तपासायची गरज नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

फेब्रुवारी १९९८, ढाका

क्लबचा सामना. भारताकडून खेळलेले रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे आहेत. ओव्हरचे तीनच चेंडू राहिलेत म्हणून ते हेल्मेट मागवत नाहीत. फलंदाज जोरात मारतो, चेंडू त्यांच्या डोक्याला लागून उडतो आणि यष्टिरक्षक तो झेलतो. तिकडे झेलाचा जल्लोष चाललाय.

लांबा उठतात. चालत बाहेर जातात. हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघताय, आणि आता त्या चालण्याने तुमची समजूत पटत नाही. काही वेळाने प्रकृती ढासळते, शस्त्रक्रिया होते. २३ फेब्रुवारीला, चेंडू लागल्यानंतर तीन दिवसांनी, ३८ व्या वर्षी ते जातात.

ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स

शेवटचा थांबा. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर बसतो आणि ते कोसळतात. यावेळी मैदानावर डॉक्टर आहेत, ठरलेली चाचणी आहे. स्मिथ ती पार करतात, पाऊण तासाने परत येऊन ९२ पर्यंत पोचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड आहे, गरगरतंय. त्यांना बाहेर बसवलं जातं आणि त्यांच्या जागी मार्नस लाबुशेन उतरतात. १ ऑगस्टपासून आलेल्या नव्या नियमानुसार कसोटीतला हा पहिला कन्कशन बदली खेळाडू.

चांगले डॉक्टर, चांगली चाचणी, तरीही खूण उगवली दुसऱ्या सकाळी. कागदावर शेवटची ओळ लिहा. आज ठीक म्हणजे उद्या ठीक असं नाही. आता परत चला.

आझाद मैदान

मुलगा अजून तुमच्याकडे बघतोय. अंपायरही.

"नाही," तुम्ही म्हणता. "आज खेळायचं नाही."

त्याचा चेहरा पडतो. कप्तान धावत येतो, "काका, दोनच ओव्हर आहेत त्याच्या!" तुम्ही कप्तानाला सांगता की ओव्हर दुसरा कुणीतरी टाकेल. ओव्हर टाकायला दहा पोरं आहेत.

डोक्यावर पाणी ओतणाऱ्याला थांबवा. मान दुखतेय का, हातापायांना मुंग्या येताहेत का, हे आधी विचारा. हो म्हणाला असता तर डोकं आणि मान स्थिर धरून जागेवरच ठेवायचं होतं, हलवायचं नव्हतं. तो नाही म्हणतो, मान सहज वळवतो. तंबूच्या सावलीत बसवा. त्याच्याशेजारी तुम्ही बसा, दुसऱ्या मुलाला बसवू नका.

कागद मांडीवर घ्या. ११.४२ ला लागलं. ११.४८: नाडी ११२, श्वास २२, बाहुल्या सारख्या, जागा.

आता बोलणं. नाव आणि वार विचारून भागत नाही, ते बरेचदा शाबूत राहतं. ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉल मैदानांवर डेव्हिड मॅडॉक्स यांनी १९९५ मध्ये शोधलेले प्रश्न जास्त उपयोगी, कारण ते ताज्या आठवणीला हात घालतात. आपण कुठल्या मैदानावर आहोत? आत्ता कुणाची बॅटिंग चालू आहे? शेवटची विकेट कुणी काढली? मागचा सामना कुणाशी होता, आपण जिंकलो का?

मैदानाचं नाव तो लगेच सांगतो. विकेटशी अडखळतो, कप्तानाकडे बघतो. कप्तान उत्तर द्यायला तोंड उघडतो, तुम्ही हात वर करून त्याला गप्प करता. मागचा सामना आठवत नाही. मग मुलगा तुमच्याकडे वळून, जणू पहिल्यांदाच विचारतोय तसं विचारतो:

"काका, बॉल कुठून आला?"

तुम्ही पुन्हा बोट दाखवता. तो पुन्हा मान डोलावतो. १२.०३: नाडी ९२, श्वास १८, बाहुल्या सारख्या, जागा. डोकं दुखतंय म्हणतो. तेवढ्यात पुन्हा:

"बॉल कुठून आला पण?"

तीन वेळा. तीनही वेळा तेवढ्याच कुतूहलाने. पळण्याने वाढलेली नाडी उतरते आहे आणि मुलगा टक्क जागा आहे, हे चांगलं. पण नवीन आठवण टिकत नाहीये आणि डोकं दुखू लागलंय. उलटी, झटका, झोपाळणं, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, हातपाय लुळे पडणं, दोन दोन दिसणं, कानातून रक्त किंवा पाणी, वाढत जाणारी डोकेदुखी यांपैकी एकही खूण दिसली तर रुग्णालय गाठायचंच असतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणं हीदेखील त्याच यादीत बसणारी खूण. तुम्ही १०८ फिरवता. पेटीतली डोकेदुखीची गोळी परत ठेवता, कारण ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन रक्त साकळू देत नाहीत आणि आत काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही.

रुग्णवाहिकेत तुम्ही त्याच्याशेजारी बसता. १२.१८, १२.३३. मनगटावर बोटं, छातीवर नजर.

त्याची आई लोकलने येऊन रुग्णालयात पोचते तेव्हा धापा टाकत असते. "उभा राहिला होता म्हणाले फोनवर! चालत होता ना?"

"हो, ताई," तुम्ही म्हणता. "म्हणूनच आणलं."

पुढे काय होईल ते तुम्ही तिला थोडक्यात सांगता. डॉक्टर ठरवतील, कदाचित स्कॅन होईल. ते स्वच्छ आलं तरी दोन दिवस घरी स्वस्थ राहायचं, मोबाइलचा पडदा कमी. पहिल्या रात्री त्याला एकटं झोपवायचं नाही. झोपू द्यायचं, पण उठवलं तर नीट जागा होतो ना ते बघायचं. शाळा आधी, क्रिकेट नंतर, आणि तेही पायरीपायरीने, चालणं, पळणं, नेट्स, मग सामना. अशा मुलांना कधीकधी चार आठवडेही लागतात. पहिला हादरा निवला नसताना दुसरा बसला तर तो कितीतरी जास्त महागात पडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बॅट कपाटात.

ती पदराने घाम पुसत ऐकते. मग तुमच्या हातातल्या घामाने मऊ पडलेल्या कागदाकडे बघते. "हे काय?"

अपघात विभागातली डॉक्टर पडदा सारून बाहेर येते. वय फार तर सव्वीस. "कधी लागलं? शुद्ध गेली होती का? तेव्हापासून कसा आहे?"

तुम्ही कागद पुढे करता. पाच रकाने, पाच ओळी, तळाशी मुलाचा प्रश्न तीन वेळा लिहिलेला आणि प्रत्येकापुढे वेळ. डॉक्टर उभ्याउभ्या तो वरपासून खालपर्यंत वाचते, पहिल्या ओळीवर परत जाते, मनगटावरचं घड्याळ बघते. मग परिचारिकेला म्हणते, "आत घ्या याला," आणि कागद मुलाच्या केसपेपरला टाचणी लावून जोडते.